"आबा थंपले" आणि इतर बातम्या : पोरांच्या बोबड्या बोलांचा धागा

कैरीपन्हं

बरेच दिवस रोमात (म्हणजे नुसती वाचत) होते, आज लिहायला बसलेय कारण घरात ऐकून घेणारं कोणी उरलं नाहीये. नवरा म्हणतो हे तू काल पण सांगितलंस, आणि ऑफिसातल्या मुली गोड हसतात पण डोळे मोबाईलवर. तर आमचे चिरंजीव पावणेदोन वर्षांचे झालेत आणि सध्या त्यांची टकळी जी सकाळी सुरू होते ती रात्री जोजो करेपर्यंत थांबत नाही.

सुरुवात "बाबा"पासून झाली. नऊ महिने पोटात मी वागवला, रात्री मी जागले, आणि पहिला शब्द बाबा! नवऱ्याने त्याच दिवशी स्टेटस ठेवलं. असो. मग "दे" आला, मग "नको" (हा आल्यावर घरातली सत्ता बदलली), आणि मग आला "थंपलं" म्हणजे संपलं. या एका शब्दावर साहेबांनी महिनाभर संसार चालवला. वाटीतला भात थंपला, टबातलं पाणी थंपलं इथपर्यंत ठीक होतं. लाईट गेले तरी थंपलं, केर काढणाऱ्या मावशी गेल्या तरी थंपल्या. मागच्या आठवड्यात माझे सासरे ठाण्याहून परत चिपळूणला निघाले, आम्ही सगळे दारात उभे, लिफ्टचं दार बंद झालं आणि हा दोन्ही तळवे उताणे करून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला "आबा थंपले!" समोरच्या काकू पीठाच्या हातानेच बाहेर आल्या, अगं काय झालं, कधी झालं! संध्याकाळी आबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले त्याला सांग, अजून शिल्लक आहे म्हणावं थोडा.

दुसरी गंमत शिट्टीची. आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मी म्हणायचे "भात झाला हं". आता खाली वॉचमनने गाडी मागे घेताना शिट्टी मारली तरी हा धावत खिडकीशी जातो आणि "भात!" म्हणतो. आणि गाडीला म्हणतो "दादी". वरच्या मजल्यावर एक हिंदी बोलणाऱ्या आजी आहेत, हा गॅलरीतून गाड्या बघून "दादी! दादी!" ओरडतो आणि त्या वरून "हां बेटा, बोलो" करतात. दोन-तीनदा बिस्किटाचा पुडा पण दिला त्यांनी. आता त्यांना खरं कोण सांगणार, आमच्या घरात कोणाची हिंमत नाही.

प्रश्न असा आहे की आबांना हे पटत नाही. ते म्हणतात लगेच सुधारायला हवं, नाहीतर तेच पक्कं होतं. ते त्याला मांडीवर घेऊन "गा-डी, म्हण गा-डी" करतात, हा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघतो आणि तसाच मधे थांबत म्हणतो "दा-दी". मला तर अजिबात सुधारावंसं वाटत नाही. तुम्ही काय केलंत? आणि आपापल्या पोरांचे शब्द पण लिहा, मला वाचायचेत.

ठेचाभाकर

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आबा थंपले म्हणे! बाप्पा!

आमची कन्या अडीच वर्षांची. मी नागपूरचा, बायको पुण्याची, राहतो पुण्यात. लग्नात ठरलं नव्हतं पण मनातल्या मनात दोघांची शर्यत होती की पोरगी कोणाची भाषा उचलते. पहिलं पूर्ण वाक्य आलं ते असं: "बाबा, तू काय करून राहिला?" सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. मी त्या दिवशी आईस्क्रीम आणलं.

खडूस_काका

सगळे कौतुक करत आहेत म्हणून मी वेगळं बोलतो. चूक मुलांची नाही, मोठ्यांची आहे. आपणच "माझं शोनं, मम्मम कलायचं का" असं बोलायचं आणि मग मूल तोतरं बोलतं म्हणून गोळा व्हायचं. आमच्या घरी मुलांशी पहिल्या दिवसापासून नीट मराठीत बोलायचा नियम होता. दोघं स्वच्छ बोलतात. भूभू आणि माऊ कशाला? कुत्रा आणि मांजर म्हणायला काय पैसे पडतात?

सोलकढी

काका, तुमच्याकडे बारसं पण प्रमाणलेखनात झालं असणार :)

आमच्याकडे मुलगा दिवसभर आजीकडे असतो आणि आजी पक्की मालवणी. परवा पाळणाघराची चौकशी करायला गेलो, तिथल्या बाईंनी चॉकलेट पुढे केलं तर हा मान हलवून "माका नको". बाई म्हणाल्या याला काय हवंय? मी म्हटलं काहीच नकोय, तेच तर सांगतोय तो.

अनुस्वार

काकांच्या मुद्द्यावर थोडं लिहितो, विषय आवडीचा आहे म्हणून लांबेल.

भूभू, माऊ, मम्मम, दूदू, जोजो, भुर्र, बाऊ हे शब्द मुलं तयार करत नाहीत, मोठी माणसं मुलांसाठी ठेवून देतात आणि पिढ्यानपिढ्या तेच चालतात. तुमच्या आजीने तुमच्या आईला "जोजो" म्हटलं म्हणून तुम्ही आज म्हणता. १९६४ साली डेक्कन कॉलेजचे अशोक केळकर यांनी मराठीतल्या या लाडक्या बोलीवर अख्खा शोधनिबंध लिहिला होता, आणि त्याच वर्षी फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांमधली अशी बोली तपासली त्यात इंग्रजी, स्पॅनिश, अरबी यांच्या शेजारी मराठी होती. म्हणजे आपलं भूभू मोठमोठ्या लोकांच्या टेबलावर जाऊन आलंय. हे सगळीकडेच असतं आणि साचा पण साधारण सारखा: सोपी अक्षरं, तेच तेच दोनदा, ओठांनी म्हणता येईल असं. यामुळे मुलाचं बोलणं बिघडतं असं काही नाही, मूल भूभूवरून कुत्र्यावर आपोआप येतं.

धागाकर्तीला: बाबा पहिला आला याचं वाईट वाटून घेऊ नका. प, ब, म ओठ मिटले की निघतात आणि मूल ओठ मिटायला लवकर शिकतं. "आई"मध्ये एकही व्यंजन नाही, नुसते दोन स्वर, त्यामुळे आपलीच पंचाईत आहे. पुष्कळ भाषांमध्ये आईबापांची घरगुती नावं म, ब, पने सुरू होतात ती यामुळेच. नवऱ्याला स्टेटस काढायला लावा.

आणि "दादी"चं. एक प्रयोग करून बघा. तुम्ही स्वतः त्याला म्हणा, "बघ, दादी आली". बहुतेक तो चिडेल.

कैरीपन्हं

अनुस्वार, आत्ता करून आले!!! मी खिडकीत उभं राहून म्हटलं "अरे बघ दादी आली" तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी आहे, आणि जोरात म्हणाला "नाय! दादी!" मी परत म्हटलं हो हो, दादी. तर पाय आपटून "नाय नाय, दाऽऽदी!" शेवटी मी गाडी म्हटलं तेव्हा शांत झाला आणि मोठ्या समाधानाने म्हणाला "हां. दादी."

हे काय आहे??

अनुस्वार

:) त्याच्या कानाला गाडी आणि दादी वेगवेगळे ऐकू येतात. डोक्यात शब्द "गाडी" असाच आहे, जीभ अजून मागे टेकत नाही म्हणून ग चा द होतो आणि क चा त. तुम्ही दादी म्हणालात की त्याला तुमची चूक कळते, स्वतःची नाही. त्यामुळे आबांनी कितीही वेळा गा-डी म्हटलं तरी त्याच्या मते तो तेच म्हणतोय. जिभेला वेळ द्या. मराठी मुलांना र आणि ळ तर अजून उशिरा येतात, तोपर्यंत बाळ "बाय" असतं आणि केळं "तेयं".

दुपारचा_चहा

बाबा लोकांच्या वतीने हजेरी लावतो.

आमची लेक अडीचच्या पुढे. मधे दोन-तीन महिने ती हात वर करून "तुला घे, तुला घे" म्हणायची. आम्ही तिला "तुला घेऊ का?" विचारतो ना, म्हणजे तिच्या लेखी तिचं नाव "तुला" आहे. तर्कात खोट काढून दाखवा. मी पण मग मुद्दाम "कोणाला घेऊ?" विचारायचो आणि ती छातीवर हात मारून "तुलाऽऽ". आता एकदम एक दिवस "मला घे" आलं आणि खरं सांगू, थोडं रितं वाटलं.

सध्या "काल"चा मोसम आहे. जे आत्ता नाही ते सगळं काल. काल दिवाळी होती, काल मी बाळ होते, काल आपण आजीकडे जाणार. परवा मला म्हणाली "बाबा, काल मी मोठी झाले ना की तुला गाडीत बसवीन". बस, अजून काय पाहिजे.

आणि एक प्रश्न अनुस्वार यांना. हिला आधी "केलं" नीट यायचं. "मी केलं, मी केलं" करायची. आता तीच "मी करलं" म्हणते. "आजी येली". "मी सांगलं ना तुला". "बाबाने चहा घेला". हे मागे जाणं आहे का? घरात कोणीच असं बोलत नाही, पाळणाघरात पण विचारून आलो.

अनुस्वार

मागे नाही, पुढे गेलीये. आनंद साजरा करा.

बघा, "केलं" तिने आधी पोपटपंचीने उचललं होतं, सुटा शब्द म्हणून. मग तिच्या कानावर शेकडो वेळा बसला, पडला, उठला, रडला, हसला पडलं, आणि डोक्यात कुठेतरी नियम बसला: क्रियापद घ्या, पुढे ला-ली-लं जोडा. मग ती तो सगळीकडे लावायला लागली. कर-करलं, ये-येली, घे-घेला, सांग-सांगलं. तुम्हीच म्हणताय की घरात कोणी असं बोलत नाही, म्हणजे हे नकलेतून आलेलं नाहीये, तिने स्वतः काढलंय. केलं, आलं, घेतलं, सांगितलं हे सगळे आपल्या भाषेचे आडमुठे पाहुणे आहेत, नियम मोडून बसलेले. चूक भाषेची, मूल बरोबर. जगभरची मुलं आपापल्या भाषेत हा उद्योग करतात आणि अपवाद पुरेसे वेळा ऐकले की आपसूक परत जागेवर येतात.

तसंही मोठी माणसं सर्रास "मी म्हणलं" आणि "पाणी पिलं" म्हणतातच की. तिथे काका पण काही बोलत नाहीत.

खडूस_काका

मी बोलतो. "म्हटलं" आणि "प्यायलं". नोंद घ्यावी.

शेवबुंदी

अगदी अगदी! आमच्याकडे "मरला" आहे. झुरळ मरला, डास मरला. "मेला" म्हण सांगितलं तर म्हणतो मेला नको, आजी रागावते. (सासूबाई उठसूट "मेला कुठला" म्हणतात आणि मी त्याला सांगून ठेवलंय की तसं बोलायचं नाही. आता फेडा.)

माझा वेगळाच प्रश्न आहे. मुलगा तीन वर्षांचा आहे आणि "मी येते", "मी जेवले", "मी पडले" असं बोलतो. दिवसभर माझ्याबरोबर असतो म्हणून असेल. पण एका लग्नात नातेवाईक बायकांनी इतकं चिडवलं त्याला की तो गप्पच झाला, मग घरी येईपर्यंत एक शब्द नाही. तेव्हापासून मला पण टेन्शन आलंय.

पन्हाळा_कट्टा

ताई टेन्शन कशाचं घेताय, आमच्याकडं कोल्हापुरात या. आमच्या आज्ज्या, आत्या, बहिणी सगळ्या "मी आलो", "मी जातो" म्हणतात, कुणाचं काय बिघडलं? माझी लेक पुण्याच्या शाळेत "बाई, मी डबा खाल्लो" म्हणाली तर वर्ग हसला, ती घरी येऊन म्हणाली बाबा त्यांना मराठी येत नाही.

अनुस्वार

शेवबुंदी, ही तर फारच नेहमीची गोष्ट आहे. मराठीत "मी" एकच पण क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, आणि मूल ज्याच्या तोंडून "मी" जास्त ऐकतं त्याचं रूप उचलतं. बाबा, आजोबा, इतर मुलगे यांच्यात वावर वाढला की सुटतं. तुम्ही फक्त त्याच्याशी बोलताना "तू जेवलास का, तू पडलास का" असं बोलत राहा. आणि त्या नातेवाईक बायकांना माझा नमस्कार सांगा, लांबून.

मोरपंखी_वही

मी इथली बहुतेक सगळ्यात वयस्क वाचक, नातवंडांची आजी. टायपिंगच्या चुका माफ करा.

आमच्या काळात असलं काही वाचलेलं नव्हतं पण मुलांचे नवीन शब्द मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायची. वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत न जाता माळ्यावर. परवा सुनेने ती काढून वाचली. एका चौकोनात लिहिलंय "दूध दीड लि., गॅस आला, 'तोबी'". आता तोबी म्हणजे काय ते मला काही केल्या आठवेना. आमचे हे म्हणाले टोपी असेल. मुलगा म्हणाला (तो आता चाळिशीचा आहे) मला काय विचारतेस. मग सुनेने माझ्या नातवाला कोथिंबीर दाखवून विचारलं हे काय रे, तर तो म्हणाला "तोबी"! वाचून अंगावर काटा आला असेल तर सांगते, माझ्या पण आला.

काळजी करणाऱ्यांसाठी: आमच्याकडे लवकर बोलावं म्हणून वेखंड मधात उगाळून जिभेला लावायचे. मुलांना दोघांनाही लावलं होतं. बोलली बाबा वेळेवर. बाकी डॉक्टरांना विचारून करा.

स्पीचवाली

मोरपंखी काकू, तोबी वाचून खरंच काटा आला!

मी वाचा-उपचार करते त्यामुळे हा धागा माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी कामावर आल्यासारखा आहे, पण राहवत नाही. दोन-तीन गोष्टी लिहिते.

काकू, मधाबद्दल मात्र थांबवते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, चाटण म्हणून पण नाही. त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते, बाळाचं आतडं तेवढं तयार नसतं. आणि वेखंडाने बोलणं येत नाही हो, तुम्ही उगाळताना जे त्याच्याशी बडबडत होता त्याने येतं.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर: सुधारायचं पण परीक्षा घ्यायची नाही. मूल "दादी आयी" म्हणालं की आपण "हो रे, गाडी आली, लाल गाडी आली" म्हणायचं. झालं. बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, वर एक नवा शब्द मिळाला, आणि गप्पा तुटल्या नाहीत. "चुकलं, परत म्हण" केलं की मुलं बोलणं कमी करतात, शेवबुंदींच्या मुलाचं लग्नात झालं तसं.

तिसरी गोष्ट जी या गोड धाग्यात कोणी विचारली नाही पण वाचणाऱ्यांत कोणाच्या तरी मनात असेल. प्रत्येक मूल आपल्या वेगाने बोलतं हे खरं, पण काही गोष्टी दिसल्या तर थांबू नका. वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, हाक मारली तर वळत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही ("पानी दे", "बाबा दा" असलं काहीही चालेल). आणि येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात बंद झालं तर लगेच. पहिली पायरी कानाची तपासणी, मूल आवाजाला वळतं असं वाटत असलं तरी. सारख्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि त्याला अर्धवट ऐकू येतं हे घरात कळतच नाही. "मुलगे उशिराच बोलतात", "याचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता" ही वाक्यं मी रोज ऐकते आणि त्यात हातचं वर्ष जातं. मुंबईकरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, याच कामासाठी असलेली राष्ट्रीय संस्था.

एक_आई_

नवीन आयडी काढून लिहितेय. स्पीचवाली तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, चार-पाच शब्द आहेत, जोडत नाही. हवं ते हात धरून नेऊन दाखवतो. सगळे म्हणतात बोलेल बोलेल. घरात दोघंच आहोत, दोघं कामावर, सांभाळणाऱ्या ताई मोबाईलवर गाणी लावून देतात तेव्हाच तो जेवतो. असे गोड धागे मी उघडते आणि बंद करते. चिडून नाही लिहीत, सगळ्यांची पोरं गोड आहेत.

स्पीचवाली

बरं केलंत लिहिलंत. हात धरून नेऊन दाखवतो म्हणजे त्याला सांगायचंय, यावर पुढचं काम उभं राहतं. या आठवड्यात दोन गोष्टी करा: बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि कान तपासून घ्या. मोबाईलमुळेच झालं असं कोणी म्हणालं तर लगेच स्वतःवर घेऊ नका, पण बंद मात्र करा. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली स्पष्टच सांगितलंय की दोन वर्षांच्या आत पडदा नको, लांबच्या माणसांशी कधीमधी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि २०१९ मधल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला फार तर तास आहे, तोही कमी असेल तितका बरा. गाणं ऐकून मूल गाणं शिकतं. बोलणं शिकायला समोर थांबून वाट बघणारं माणूस लागतं. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

कैरीपन्हं

एक_आई_, धागा बंद करू नका, इथेच बोला. कान तपासलेत की सांगा.

राईनकाठी

वातावरण जरा हलकं करायला जर्मनीतून.

आमची पोरगी दोन वर्षांची, दिवसा पाळणाघरात जर्मन, घरी मराठी. सासूबाई साताऱ्याला. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या गाणी म्हणतात, हातवारे वगैरे सगळं. मधे दोन-तीन रविवार असं व्हायला लागलं की गाणं संपलं की पोरगी स्क्रीनला नाक लावून ओरडायची "नोखमाल! नोखमाल!" आणि सासूबाई एकदम गप्प, "बरं बाई, राहू दे" म्हणून विषय बदलायच्या. पोरगी मग भोकाड पसरणार. आम्हाला कळेना हिला काय झालंय आणि त्यांना काय झालंय. शेवटी त्या नवऱ्याजवळ बोलल्या, की एवढ्या हौसेने म्हणते मी आणि ती तोंडावर "नको मला" म्हणते, तुम्ही लोक मराठीची सवय ठेवत नाही.

नोखमाल म्हणजे जर्मनमध्ये "परत एकदा"!!

आता सासूबाईंनी अख्ख्या वाड्यात सांगून ठेवलंय. भाजीवाल्याला पण "कोथिंबीर नोखमाल" म्हणतात असं ऐकून आहे.

ठेचाभाकर

तोबी नोखमाल!

सोलकढी

नोखमालसाठी +१०००. चहा नाकातून आला.

अनुस्वार

राईनकाठी, हे मी पुढच्या व्याख्यानात वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

अवांतर: मम्मम वरून आठवलं. डार्विन, तोच माकडांवाला, त्याने आपल्या थोरल्या मुलाच्या लहानपणी रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि १८७७ साली त्या छापल्या. त्यात लिहिलंय की बरोबर एक वर्षाचा असताना पोराने खाण्यासाठी स्वतःच एक शब्द काढला, "मम". इंग्लंडात, एकोणिसाव्या शतकात, आणि थेट मम! कोणत्या मराठी आजीने शिकवला असेल देव जाणे. गंमत म्हणजे एवढा मोठा माणूस, पण नोंदींमध्ये कौतुक लपत नाही, आपण इथे करतोय तसंच.

दुपारचा_चहा

म्हणजे कैरीपन्हं, नवऱ्याला सांगा तुम्ही शास्त्रीय नोंदी ठेवताय.

आमच्याकडची ताजी बातमी. रात्री मी आणि लेक खाली फिरायला निघालो, बायको पण चपला घालायला लागली तर ही म्हणते "आई, आम्ही जातोय. आपण नाही." मी जागेवर थांबलो. "आम्ही" आणि "आपण"मधला फरक ऑफिसात हिंदीभाषक मित्राला वर्षभर समजावतोय, त्याला अजून येत नाही. बायकोला वाईट वाटलं, मला इतका अभिमान वाटला की दोघींना कुल्फी.

खडूस_काका

हे मात्र चांगलं आहे. आम्ही-आपण हल्ली मोठ्यांना पण येत नाही.

(मोरपंखी वहिनी, कॅलेंडरांची कल्पना आवडली. आमच्याकडे काही लिहून ठेवलेलं नाही. धाकटा "हेलिकॉप्टर"ला काहीतरी म्हणायचा, हसून पुरेवाट व्हायची, काय ते आता दोघांनाही आठवत नाही.)

कैरीपन्हं

काका, तुमच्या स्वच्छ बोलणाऱ्या घरात पण हेलिकॉप्टर घसरलं होतं तर :)

मी पण आजपासून लिहिणार, पण कॅलेंडर नाही, आमच्याकडे भिंतीवर आता राऊटर आहे. व्हॉट्सॅपवर मी एकटीच असलेला ग्रुप काढलाय, त्यात आवाज रेकॉर्ड करून टाकते, खाली अर्थ. अर्थ लिहिणं महत्त्वाचं हे तोबीवरून कळलं.

आबांना स्पीचवालींचं वाचून दाखवलं. आधी "हूं" म्हणाले. मग आज फोनवर हा म्हणाला "आबा, दादी", तर आबा म्हणतात "हो का, गाडी का, कोणत्या रंगाची गाडी?" आणि हा म्हणाला "निई". निळी! रंग याला येतो हे मला माहीतच नव्हतं. आबांनी शोध लावला आणि आता दोघं मिळून मला शिकवणार.

एक_आई_

सांगायचं होतं. कान तपासले. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी निघालं, औषधं आणि पुन्हा तपासणी असं ठरलंय, थेरपी पण सुरू केली. मोबाईल बंद केल्यावर पहिले काही दिवस जेवणाचे हाल झाले, ताईंनी पण मनावर घेतलंय, त्या आता भाजी निवडताना त्याच्याशी बोलतात. काल ताई मटार सोलत होत्या, हा शेजारी. ताई म्हणाल्या अजून देऊ? आणि नुसत्या थांबल्या, तुम्ही सांगितलं होतं तसं. बराच वेळ. मग म्हणाला "अदून दे". दोन शब्द. ताईंनी मला ऑफिसात फोन केला, मी मीटिंगमधून उठून गेले.

मोरपंखी_वही

लिहून ठेव गं. तारखेसकट.

स्पीचवाली

वा वा वा! मटार पुष्कळ आणा आता. पुढच्या तपासणीला मात्र चुकू नका.

सोलकढी

एक_आई_, मटाराची उसळ आमच्यातर्फे.

ठेचाभाकर

इतक्या चांगल्या बातमीनंतर एक तातडीचा सल्ला हवा आहे. आमची बया कुठेही गेलो की तासाभराने बायको मला हळूच "चला, निघायचं का?" म्हणते ते ऐकत असणार. आज घरी माझ्या साहेबांचं कुटुंब आलं होतं. चहा झाला, पोहे झाले, आणि ही साहेबांच्या पुढ्यात जाऊन, त्यांची चप्पल हातात घेऊन म्हणते "चला काका, निघायचं का?" उच्चार एकदम स्पष्ट, र नाही की ळ नाही, कुठे बोबडं बोलायला जागाच नाही. साहेब हसले, पण उठले हो. सोमवारी ऑफिसात काय सांगू?

खडूस_काका

वाक्य शुद्ध आहे. काही सांगायची गरज नाही.